रुळांवरून पृथ्वीप्रदक्षिणा

नकाशावर बोट फिरवून जगाची सफर करायला पैसे पडत नाहीत आणि घरच्यांची परवानगीही लागत नाही. आमच्या भूगोल विभागाच्या कपाटात एक जाडजूड जुना ॲटलास आहे. त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे, जर्मनी दोन आहेत आणि युगोस्लाव्हिया एक आहे. तास मोकळा असला की तो उघडून बसण्याची मला सवय लागली ती त्यातल्या काळ्या रेघांमुळे. रेल्वेचे मार्ग त्यात काळ्या रेघेने दाखविले आहेत. भुसावळवर बोट ठेवायचे आणि काळी रेघ न सोडता ते किती दूर नेता येते ते पाहायचे, एवढाच खेळ. पुढे वाटले, खेळायचेच तर पुरते खेळावे. बोट हावड्याच्या दिशेने निघावे आणि मुंबईच्या दिशेने परत त्याच फलाटावर यावे. मध्ये होता होईल तो आगगाडीच असावी. जेथे रूळच नाहीत तेथे बोट. आणि अगदी निरुपाय झाला तरच विमान.

गणपतीने आईवडिलांभोवती फिरून हे काम थोडक्यात उरकले होते. आपल्याला कार्तिकेयाच्या वाटेने जायचे आहे, तेव्हा थोडी आखणी करणे भाग आहे. त्या आखणीत मला जे कळले ते येथे मांडतो. बेत अगदी खरा आहे; निघण्याची तारीख तेवढी ठरायची आहे.

या बेताचा मूळपुरुष म्हणजे ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ ही कादंबरी १८७२ मध्ये पॅरिसच्या वर्तमानपत्रातून क्रमशः आली. व्हर्नने कल्पनेचे पंख लावले असे आपण म्हणतो. पण कादंबरीच्या मुळाशी होत्या तीन ताज्या बातम्या. १० मे १८६९ रोजी अमेरिकेचे दोन किनारे रुळांनी जोडले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. आणि १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. म्हणजे एका वर्षाच्या आत जगाच्या पट्ट्यातले तीन मोठे तुटलेले टाके शिवले गेले. फॉगची गाडी आपल्या खानदेशातून आणि बऱ्हाणपुरावरून जाते, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे मात्र व्हर्नने रूळ अर्धवट ठेवून फॉगला हत्ती विकत घ्यायला लावला. १८७२ च्या ऑक्टोबरात खराखुरा फॉग आला असता, तर त्याला हत्तीची गरज पडली नसती. परंतु मग गोष्टही रंगली नसती!

कादंबरीतला फॉग सर्वांना ठाऊक असतो. पण खरी पृथ्वीप्रदक्षिणा केलेली एक मराठी बाई आपल्या लक्षात राहत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये तेथून अमेरिकेला. ज्या समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या तो होता डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ. पुढे दोन-अडीच वर्षे त्या अमेरिकेत व्याख्याने देत आगगाडीने फिरल्या, आणि १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपान, हाँगकाँग या वाटेने १८८९ च्या प्रारंभी हिंदुस्थानात परतल्या. पश्चिमेला गेल्या आणि पूर्वेकडून आल्या. प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. अमेरिकेतील त्यांच्या अनुभवांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्याच वर्षी मराठीत निघाले. आपल्या ग्रंथालयात ते प्रवासवर्णनांत नसले तर स्त्रीविषयक विभागात शोधावे.

आता भूगोल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. आपले भुसावळ २१ अक्षांशावर आहे. त्या वर्तुळाने गेल्यास घेर सुमारे ३७,४०० होतो. पण ५० अक्षांशावर तो जेमतेम २५,८०० उरतो. कांद्याच्या चकत्या कापताना मधली मोठी आणि टोकाकडची लहान निघते, तसेच हे. नशिबाने जगातले लांब पल्ल्याचे पूर्व-पश्चिम लोहमार्ग बहुतेक ४० ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यातच आहेत. सैबेरियाचा मार्ग तेथेच आहे, कॅनडाचा आहे, युरोपचे जाळे आहे, अमेरिकेचे उत्तरेकडचे मार्गही आहेत. तेव्हा शहाण्या माणसाने आधी उत्तरेकडे चढावे, मग आडवे जावे.

परंतु येथेच पहिली ठेच लागते. उत्तरेकडे चढायला आधी देशाबाहेर पडले पाहिजे, आणि आपल्याला रुळांवरून देशाबाहेर फारसे पडताच येत नाही. भारताचे रूळ हजारो किलोमीटर पसरलेले असले तरी प्रवाशाच्या दृष्टीने ते एक बेटच आहे. नेपाळात जयनगरहून जनकपूरकडे छोटी गाडी जाते, पण तिच्यापुढे हिमालय उभा आहे. बांगला देशात जाणाऱ्या तीन गाड्या २०२४ च्या जुलैत थांबविण्यात आल्या. ब्रह्मदेशाशी आपला रूळ कधी जुळलाच नाही. मणिपुरात जिरीबाम ते इम्फाळ हा १११ किलोमीटरांचा मार्ग डोंगर पोखरून नेत आहेत, आणि इम्फाळच्या पुढे सरहद्दीपर्यंत अजून डोंगरच आहेत.

ब्रह्मदेश आणि थायलंड यांच्यामध्ये मात्र एकदा रूळ होते. जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये ते ४१५ किलोमीटर एका वर्षाच्या आसपास घालून घेतले. त्या कामावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले, आणि त्यांच्या कित्येक पट आशियाई मजूर. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तामिळ पुष्कळ होते. युद्ध संपल्यावर सरहद्दीजवळचे रूळ उखडले गेले. ॲटलासमध्ये त्या जागी कोरा कागद आहे. काळी रेघ कोणाच्या सोयीसाठी ओढली जाते आणि कोणाच्या जिवावर, हे नकाशा सांगत नाही, म्हणून हे येथे नोंदविले.

पश्चिमेची हकीकत याहून चमत्कारिक आहे. समजा, १९७७ साली एखाद्या भुसावळकराला आगगाडीने लंडनला जावेसे वाटले असते. अमृतसर ते लाहोर समझौता एक्स्प्रेस १९७६ च्या जुलैत सुरू झाली होती. लाहोरहून क्वेट्टा, आणि क्वेट्ट्याहून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांनी वाळवंटातून टाकलेल्या रुळांवरून इराणातले जाहेदान. तेथे रूळ संपत. केरमानपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर मोटारीने जायचे, मग पुन्हा गाडी : तेहरान, ताब्रीझ, तुर्कस्तानातले व्हान सरोवर (तेथे डबेच बोटीत चढवीत), मग इस्तंबूल. बॉस्फरसची सामुद्रधुनी होडीने, शेवटी इंग्लिश खाडी बोटीने. प्रवास कष्टाचा, पण होण्यासारखा. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि ही वाट अवघड होऊन बसली.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत इंजिनिअरांनी काय केले पाहा. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा झाला. २००९ मध्ये जाहेदान इराणच्या रुळांना जोडले गेले. २०१३ मध्ये बॉस्फरसच्या तळाखालून गाडी धावू लागली. व्हान सरोवर सोडले तर भुसावळपासून लंडनपर्यंत काळी रेघ अखंड झाली. आणि २०१९ मध्ये समझौता एक्स्प्रेस थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीचा रस्ताही बंद करण्यात आला. रूळ तुटके होते तेव्हा दारे उघडी होती; रूळ जुळले आणि दारे लागली.

हा योगायोग एकट्या आपल्या सरहद्दीचा म्हणावा, तर उत्तरेकडेही तेच. ३ डिसेंबर २०२१ रोजी लाओसमधून चीनला जाणारा नवा लोहमार्ग सुरू झाला, आणि सिंगापूरपासून पोर्तुगालच्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ सलग रूळ झाले. इतकी लांब रेघ जगाच्या इतिहासात कधी नव्हती. साथीमुळे सरहद्दीवरच्या गाड्या तेव्हा थांबलेल्याच होत्या. त्या सुरू होण्याची वाट पाहावी, तोच २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. पॅरिस-मॉस्को आणि मॉस्को-पेकिंग या थेट गाड्या २०२० पासून बंद झालेल्या. हेलसिंकीहून सेंट पीटर्सबर्गला जाणारी गाडी मार्च २०२२ मध्ये बंद पडली. मॉस्को ते व्लादिव्होस्टोक हा ९,२८८ किलोमीटरांचा मार्ग आजही चालू आहे. सात दिवस एकाच डब्यात बसून जाता येते. रशियाने भारतीयांसाठी २०२३ मध्ये घरबसल्या मिळणारा व्हिसाही सुरू केला. पण त्या मार्गाच्या पश्चिमेच्या टोकाहून युरोपात नेणारी गाडी नाही. दोन्ही बाजूंची शिडी काढून घेतलेल्या माळ्यासारखी त्या मार्गाची स्थिती आहे. मोठ्या जड मनाने मी तो बेतातून वगळला. ज्याला सैबेरियाच पाहायचा असेल त्याने मात्र तो स्वतंत्र प्रवास म्हणून अवश्य करावा.

येथे रुळांच्या रुंदीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सरहद्दी बंद नसत्या तरी एकच डबा जगभर फिरू शकला नसता. आपली रुंदी १,६७६ मिलिमीटर. चीन आणि युरोपचा बराच भाग १,४३५ वर चालतो, रशिया १,५२० वर, थायलंड आणि मलेशिया बरोबर एक मीटरवर. जपानात जुन्या गाड्या १,०६७ वर आणि वेगवान शिंकान्सेन १,४३५ वर. चीन आणि मंगोलियाच्या सरहद्दीवर एर्लियान येथे डबे उतारूंसकट उचलतात, खालचे चाकांचे सांगाडे काढून दुसऱ्या मापाचे बसवितात आणि डबा पुढे जातो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे वेगळ्या रूपात ठाऊक आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अवघ्या ७६२ मिलिमीटरांवर सुरू झाली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन छोट्या गाडीकडे धावणे हाच तेथला रुंदीबदल होता. आता ती लाइनही रुंद झाली. आपल्याला या प्रवासात जागोजाग गाडी बदलावीच लागणार, तेव्हा सामान कुर्डुवाडीच्या हिशेबाने घ्यावे.

आता प्रत्यक्ष आखणी. माझी पहिली चूक अशी झाली, की मी भुसावळपासून आखायला बसलो. पहिली गाडी, मग दुसरी, मग तिसरी. जपानपर्यंत सगळे छान जुळले आणि पॅसिफिक महासागरापाशी सगळे कोसळले. कारण त्या महासागरावरून उतारूंची नेमाने जा-ये करणारी बोट आता नाही. पूर्वी मालवाहू जहाजे चार-सहा उतारू घेत. २०२० च्या साथीनंतर ते जवळपास थांबले. एकच पळवाट उरते. आशियात हिवाळा काढलेली सहलीची मोठी जहाजे एप्रिल-मेच्या सुमारास अलास्काच्या उन्हाळी हंगामासाठी अमेरिकेकडे जातात. जपानहून सिॲटल किंवा व्हँकूव्हरपर्यंत दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. अशी जहाजे वर्षातून मोजकीच, आणि ती आपल्यासाठी थांबत नाहीत.

तेव्हा आखणी उलटी करावी लागते. जी गोष्ट सर्वांत कमी वेळा मिळते ती प्रथम ठरवायची : म्हणजे पॅसिफिकचे जहाज. त्यानंतर अटलांटिकचे. न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनला ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ पासून जाते, साधारणपणे सात रात्रींत. उन्हाळ्यात त्याच्या फेऱ्या बऱ्याच असतात. मग आठवड्यातून ठरावीक दिवशीच सुटणाऱ्या गाड्या पाहायच्या. रोज सुटणाऱ्या गाड्या त्यानंतर. आणि तासातासाला सुटणाऱ्या गाड्यांचा विचारच करायचा नाही. लग्नघरात मंगल कार्यालयाची तारीख आधी मिळवतात आणि आचाऱ्याला मागाहून सांगतात, तोच न्याय.

वेळापत्रकाहून अवघड प्रकरण व्हिसाचे. आपला पासपोर्ट एक आणि वकिलाती सहा-सात. बहुतेकांना अर्जाबरोबर पासपोर्ट हातात हवा असतो, म्हणजे एका वेळी एकच अर्ज. शिवाय प्रत्येक व्हिसाचे आयुष्य निराळे. अमेरिकेचा मिळाला तर सामान्यतः दहा वर्षे टिकतो, पण त्याच्या मुलाखतीची तारीखच कित्येक महिने पुढची मिळते. युरोपातल्या शेंगेन देशांचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आतच करता येतो. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. चीनचे साधारणतः तसेच. यातून क्रम आपोआप निघतो : टिकाऊ आधी, नाशवंत शेवटी. अमेरिका, मग ब्रिटन, मग शेंगेन, आणि निघण्याच्या तोंडाशी चीन व जपान. शेंगेनच्या बाबतीत २०२५ च्या जानेवारीपासून एक सोय झाली आहे. रुमानिया आणि बल्गेरिया हे देश खुष्कीच्या मार्गानेही त्यात आले, त्यामुळे पॅरिसपासून तुर्कस्तानच्या सरहद्दीपर्यंत एकच व्हिसा पुरतो. त्याच व्हिसाच्या आधाराने तुर्कस्तानचाही सहज मिळतो. सिॲटलला उतरावे की व्हँकूव्हरला, हा प्रश्न मला आधी निसर्गसौंदर्याचा वाटला होता. तो व्हिसाचा निघाला. कॅनडाचा एक अर्ज वाचतो, म्हणून सिॲटल.

प्रत्येक अर्जाला बँकेतील शिल्लक दाखवावी लागते, परतण्याची खात्री द्यावी लागते, कोठे उतरणार ते लिहून द्यावे लागते. जर्मनीतल्या आपल्या वयाच्या मुलाला यातले निम्मे कागद लागत नाहीत. काळी रेघ नकाशावर सर्वांना सारखीच दिसते. पण ती कोणाला कोठवर नेते हे ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर अवलंबून आहे. हे मला ॲटलास पाहून कळले नव्हते, अर्जाचे नमुने वाचताना कळले.

आता वाट थोडक्यात सांगतो. भुसावळहून नागपूरमार्गे हावडा. कलकत्त्याहून बँकॉकला विमान. येथे इलाज नाही. बँकॉकहून व्हिएन्तिआनला २०२४ पासून थेट गाडी आहे. व्हिएन्तिआनहून चीनमधील कुनमिंगपर्यंत १,०३५ किलोमीटर. हा मार्ग डोंगरांतून इतके बोगदे काढीत जातो, म्हणतात, की खिडकीची जागा मिळूनही अंधारच फार पाहावा लागतो. कुनमिंगहून पेकिंग आणि तेथून चिंगताओ बंदर, सगळे वेगवान गाड्यांनी. पीतसमुद्र ओलांडून बोटीने कोरियातले इंचॉन, सेऊलहून गाडीने बुसान, बुसानहून रात्रीच्या बोटीने जपानचे शिमोनोसेकी. ही शेवटची बोट १९७० पासून चालू आहे. जपानचे वर्णन मी करीत नाही. शिंकान्सेन १९६४ पासून धावते आहे आणि तिच्यावर इतके लिहिले गेले आहे, की माझी भर नको.

सिॲटलहून शिकागोला ‘एम्पायर बिल्डर’ नावाची गाडी रोज सुटते. ३,५५० किलोमीटर, दोन रात्री. अमेरिकेत एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारी एकही थेट गाडी नाही, शिकागोला बदलावेच लागते, हे वाचून मला नवल वाटले. ज्या देशाने १८६९ मध्ये सोन्याचा खिळा ठोकून जगाला दिपविले त्याच देशात उतारूंच्या गाड्या इतक्या उतरणीला लागल्या, की १९७१ मध्ये सरकारला ‘ॲमट्रॅक’ ही संस्था काढून त्या हाती घ्याव्या लागल्या. लांब पल्ल्याचे बहुतेक रूळ अजून मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. तेव्हा मैलभर लांबीची मालगाडी पुढे काढण्यासाठी उतारूंची गाडी बाजूला उभी राहते, असे तेथे वरचेवर घडते. बोट पकडायची असेल तर न्यूयॉर्कला निदान दोन दिवस आधी पोहोचावे. आपल्याकडे उशिराला नावे ठेवण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

युरोपात गाड्या विपुल, त्यामुळे सांगण्यासारखे थोडेच. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट. बाहेरच्या देशांतील प्रवाशांसाठी १९५९ पासून एक पास मिळतो, त्यावर बऱ्याच गाड्या चालतात. पुढे बल्गेरियातून इस्तंबूलकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत तुर्कस्तानच्या सरहद्दीवर ऐन झोपेच्या वेळी सामानासह खाली उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. मग बॉस्फरसखालून आशियात, वेगवान गाडीने अंकारा, आणि अंकाऱ्याहून एक अख्खा दिवस चालणारी पूर्वेची गाडी : कार्सपर्यंत, १,३०० किलोमीटर. कार्सच्या पुढे तिबिलिसी आणि बाकूपर्यंत रूळ २०१७ मध्ये जोडले गेले, पण त्यांवरून माल जाऊ लागला, माणसे नव्हेत. दक्षिणेला इराण, त्या वाटेची हकीकत वर आलीच आहे. कार्सहून विमान.

सगळा हिशेब मांडला तेव्हा रुळांवर सुमारे साडेएकोणीस हजार किलोमीटर आणि समुद्रावर साडेचौदा हजारांच्या आसपास आले. मी खूश झालो. मग आमच्या सरांनी रेखांशांत मोजायला सांगितले. ३६० अंशांपैकी रुळांवर १४०, समुद्रावर १७९ आणि विमानात ४० च्या आसपास! म्हणजे ‘मुख्यतः आगगाडीने’ म्हणून निघालेला माणूस पृथ्वीची निम्मी प्रदक्षिणा बोटीच्या कठड्याला टेकून करतो. फॉगचेही तसेच झाले होते म्हणा. पॅसिफिक हा केवढा समुद्र आहे हे त्या दिवशी मला प्रथम नीट कळले. परीक्षेत मी त्याचे क्षेत्रफळ दोनदा लिहिले होते.

राहिला काळाचा प्रश्न. पूर्वेकडे जाताना दर पंधरा अंशांना घड्याळ एक तास पुढे करायचे. म्हणजे प्रवाशाचा प्रत्येक दिवस चोवीस तासांहून थोडा आखूड. असे चोवीस तुकडे जमले की एक अख्खा दिवस होतो, आणि तो वाररेषेवर परत मिळतो. योकोहामाहून निघालेल्या जहाजावर एकच तारीख दोनदा येते. हे विसरल्यामुळेच फॉगला पैज हरल्यासारखे वाटले. रमाबाई उलट दिशेने गेल्या, तेव्हा त्यांच्या दिनदर्शिकेतून एक तारीख गळली असली पाहिजे. घड्याळांचा हा गोंधळ निस्तरला तोही रेल्वेनेच. त्या अमेरिकेत पोहोचण्याच्या तीनच वर्षे आधी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, तेथल्या रेल्वे कंपन्यांनी गावोगावची घड्याळे मोडून चार-पाच प्रमाणवेळा ठरविल्या. आपल्याकडे तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई स्वतःच्या वेळेवर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपला हट्ट १९५५ पर्यंत सोडला नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो छापून होईपर्यंत शिळा होईल. एवढे सांगतो, की पैसे तिकिटाला कमी आणि पलंगाला जास्त पडतात. अमेरिकेत रात्री खुर्चीवर काढल्या तर भाडे एकदम निम्म्याहून खाली येते, आणि खुर्ची आपल्या एसटीच्या बाकाहून पुष्कळ बरी असते असे ऐकतो. खाण्याची तजवीज घरूनच करावी. चीनमध्ये डब्याडब्यांतून उकळते पाणी मिळते. चिवडा, मेतकूट आणि पाण्यात भिजवून होणारे पोहे एवढ्यावर तीन-चार दिवस निघतात. अमेरिकेत उतरताना मात्र पिशवीत काय आहे ते कागदावर लिहून द्यावे. लोणच्याची बरणी लपविण्यात शहाणपणा नाही.

एकंदर मुक्काम धरून ऐंशी दिवस होतात. मी ते मुद्दाम जुळविलेले नाहीत. जहाजांच्या तारखाच तशा येतात. पॅसिफिकचे जहाज एप्रिलच्या अखेरीस धरले तर भुसावळ मार्चच्या अखेरीस सोडावे लागते, आणि परत येईतो जून निम्मा सरतो. म्हणजे जाताना उन्हाने तापलेल्या, हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत चढायचे. आणि येताना मुंबईहून निघालेल्या गाडीतून, इगतपुरीला पहिला पाऊस लागला असेल तर ओल्या खिडकीशी बसून, उलट्या अंगाने भुसावळला उतरायचे. हमाल विचारील, ‘मुंबईहून आलात का?’ तर हो म्हणावे. ते खोटेही नाही.